पाच नंबरचा श्वास

तिसरी घंटा व्हायला दहा मिनिटं होती. साउंड मिक्सरसमोर बसलेली वृंदा हेडफोन लावून एकेका कलाकाराचा माइक तपासत होती. पाच नंबर उघडला आणि तिने हेडफोन कानांवर घट्ट दाबला. कुणीतरी घुसमटत श्वास ओढत होतं.

पाच नंबर म्हणजे दाजीकाका; गेल्या वर्षीच बायपास झालेले. तिने वॉकीटॉकीवरून स्टेज मॅनेजरला त्यांच्या मेकअप रूमकडे पिटाळलं.

“अगं, काका आरामात चहा पितायत!” तो वैतागला.

हेडफोनमधला श्वास मात्र आता घरघरू लागला होता. वृंदाने चॅनलखालच्या चिकटपट्टीवरची नावं पुन्हा वाचली आणि ती ताडकन उठली. दुपारी पाच नंबरचा सिग्नल तुटत होता, म्हणून काकांना तिने आठ नंबर लावला होता. फ्रिक्वेन्सी बदलून पाच नंबर ठीक झाल्यावर तो नाटकातच काम करणाऱ्या आपल्या आईच्या कमरेला बांधला होता. पट्टीवरची नावं तेवढी बदलायची राहिली होती.

“आई!” हेडफोन कानांवर तसाच ठेवून ती धावत सुटली. दुसऱ्याच पावलाला तो श्वास एकदम थांबला.

“हेडफोनची वायर निसटली असेल,” ती धावता धावता स्वतःला सांगत राहिली, “वायरच निसटली असेल.”