चिकटपट्टी

“प्रभाव : अत्यल्प.” समितीच्या अध्यक्षांनी स्क्रीनवरची ओळ मोठ्याने वाचली. “मॅडम, हे मी म्हणत नाही. सिस्टीम म्हणतेय.”

पूर्वी साहेब लोक नियमाच्या आड लपायचे. आता सिस्टीम सापडलीय.

बढतीच्या मुलाखतीला आलेली प्राध्यापिका समोरच्या खुर्चीत ताठ बसली होती. माहिती प्रणाली हा विषय ती एकोणीस वर्षं शिकवत होती. शेजारच्या टेबलावर क्लार्क ताईंचा कॉम्प्युटर सगळ्यांना दिसेल असा वळवून ठेवला होता. त्याच्या चारी कडांना पिवळ्या चिठ्ठ्या डकवलेल्या. कुठलं बटण दोनदा दाबायचं, कुठल्या वर्षाची सुट्टी सिस्टीम चुकीची मोजते, असलं काहीबाही.

विभागप्रमुख खुर्चीत रेलले. “तुमच्या संशोधनाचा उल्लेख जगात एकूण तीन लेखांत. त्यातला एक लेख तुमचाच. म्हणजे आपणच रांधायचं, आपणच ‘वा, काय चव आहे’ म्हणायचं!”

“तुमचे उल्लेख दोनशे दहा आहेत, सर. तुम्ही मित्रांचं नाव घालायचं, मित्रांनी तुमचं. उंटाच्या लग्नाला गाढव गवई.”

क्लार्क ताईंना ठसका लागला.

“म्हणूनच तेव्हा सांगत होतो,” विभागप्रमुखांचा आवाज चढला, “त्या हॉस्पिटलच्या लेखावर माझं नाव टाका. आज ही वेळ आली नसती.”

“अकरा महिने वॉर्डात तुम्ही उभे होतात?”

“भांडण नको.” अध्यक्षांनी एक कागद आणि पेन पुढे सरकवलं. “मूल्यांकन मान्य आहे, अशी सही करा. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करता येईल. सही नसेल, तर बढतीची फाईल आजच बंद. कायमची.”

प्राध्यापिकेने पेन उचललं. सही केली नाही.

“वॉर्डात काय चालायचं, ऐकायचंय? नर्सचा स्क्रीन दोन मिनिटांत आपोआप बंद व्हायचा. इंजेक्शन देऊन ती परत येईपर्यंत सगळं काळं. औषध आणि वेळ लिहायची कुठे? मनगटावर चिकटपट्टी लावायची, तिच्यावर लिहायचं. हात धुतले की पट्टी गळायची. एका म्हातारबाबांना एकच इंजेक्शन दोनदा गेलं, ते असं. सगळे म्हणाले, नर्स निष्काळजी. मी म्हटलं, स्क्रीन निष्काळजी.”

“मग?” अध्यक्षांनी न राहवून विचारलं.

“बारा पानं लिहून दिली. नर्सना कळेल अशा भाषेत. त्यांनी ती हॉस्पिटलच्या टाळक्यात हाणली. आता स्क्रीन खाटेशेजारी आहे, कार्ड टेकवलं की सोडला तिथून उघडतो. एकाचं बघून आणखी तीन हॉस्पिटलांनी केलं.”

“चांगलं काम आहे,” अध्यक्ष म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. “पण नर्स कुठे लेख लिहितात? उल्लेख कोण करणार? ताई, हे भरायला एखादा रकाना आहे का हो?”

“नाही, सर.” क्लार्क ताईंनी मान वर केली नाही. “सकाळी टाकून पाहिलं मी. नुसता उल्लेखांचा आकडाच घेतंय ते.”

“बघा. जागाच नाही.”

प्राध्यापिकेने पर्स उघडली. चिकटपट्टीचं अर्धं संपलेलं रीळ बाहेर काढलं. वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरने निघताना हातावर ठेवलं होतं, ‘आता आम्हाला नको’ म्हणत. वीतभर पट्टी तिने दातांनी तोडली, टेबलावर ताणून धरली आणि समितीच्याच पेनाने लिहिलं : चार हॉस्पिटलं. दुबार इंजेक्शन एकही नाही.

मग उठून तिने ती स्क्रीनवर, बरोबर ‘अत्यल्प’च्या अंगावर लावली.

“हा काय पोरखेळ आहे?” विभागप्रमुख कडाडले.

“पोरखेळ नाही, हाच माझा विषय. खरं लिहायला सिस्टीममध्ये जागा नसली की माणसं ते कुठे लिहितात, एवढंच मी शिकवते.” सही न केलेल्या कागदावर तिने पेन आडवं ठेवलं. “सही मिळणार नाही. करा फाईल बंद. मला पाचव्या हॉस्पिटलात साडेचारला पोचायचंय.”

दार लागलं. अध्यक्ष चष्मा लावून पट्टी पुन्हा वाचत होते.

“ताई, बघत काय बसलात? ते आधी काढा!” विभागप्रमुख म्हणाले.

क्लार्क ताई उठल्या. घाईत लावलेल्या पट्टीचं एक टोक सुटत आलं होतं. ताईंनी त्याच्यावर अंगठा टेकवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी घट्ट दाबून बसवली.