प्रीतमचा रूट

इतिहासाशी नातं तुटलं की माणसाचं जनावर होतं, असं निरंजनचं ठाम मत होतं. हे मत बाळगून तो रविवारी सकाळी महाळुंग्यात एका उभ्या कंटेनरच्या आड, सायकल आडवी टाकून, दबा धरून बसला होता. समोरच्या रसवंतीवर त्याची बायको उसाच्या रसाचा दुसरा ग्लास पीत होती.

दुसरा. पहिलाही त्याने पाहिला होता.

तिच्या शेजारी प्रीतम उभा होता. रसवंतीमागच्या गोदामात तो सुपरवायझर. तो काहीतरी बोलला आणि निशिगंधा हसली. विनोद ऐकू आला नाही, त्यामुळे तो फारच चांगला असणार असं निरंजनला वाटलं.

हे सगळं त्या ग्रॅव्हल सायकलींमुळे झालं होतं. जाड टायरची, वळणदार हँडलची, खडी-मुरुमावरही पळणारी सायकल. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला असलेल्या निरंजनने ती आधी स्वतःला घेतली, मग निशिगंधाला घेऊन दिली, आणि मग संत तुकाराम नगरातल्या सायकल ग्रुपसाठी एक रूट आखला. इंदोरीची गढी, माळावरचे वीरगळ, एक पडकी बारव आणि शेवटी भामचंद्राचा डोंगर. इंदोरी सोडली की वाटेत ना टपरी, ना वस्ती, ना झाड. नजर जाईल तिथवर उघडा माळ. "इथे आपण आणि इतिहास. मध्ये कोणी नाही," असं तो दर वेळी सांगे.

माळावर पोचलं की बरोबरचे पुरुष लांब लांब जाऊन, चार दिशांना तोंडं करून, निसर्ग बघत उभे राहत. निरंजनही बघे. बायका तेवढ्या सायकलींपाशी थांबत, आणि निशिगंधा "निघायचं का?" असं विचारी. वीरगळासमोर तो बोलू लागला की ती या पायावरचा भार त्या पायावर टाकत राही. हिला इतिहासाची गोडी नाही, हे त्याने तेव्हाच ताडलं होतं. कौतुक एवढंच, की ऊन कितीही रणरणतं असो, तिची पाण्याची बाटली जशी भरलेली निघे तशीच भरलेली घरी येई. बायकोचा दम मोठा आहे, असं त्याने ग्रुपवर लिहिलंही होतं.

मग ग्रुपमधल्याच प्रीतमने आपला रूट काढला. पहिल्याच रविवारी निशिगंधा तिकडे गेली. पुढच्या रविवारी करिष्मा आणि मिनल गेल्या, आणि महिन्याभरात ग्रुपमधली एकही बाई निरंजनकडे उरली नाही. चौघे पुरुष उरले, तेही त्याच्याच डिपार्टमेंटचे.

म्हणून आज तो मोशीपासून लपतछपत त्यांच्या मागोमाग आला होता. रूट म्हणजे कंपन्यांच्या कंपाउंडमागची मुरमाड वाट. गोदामं, वजनकाटा, भंगाराचं आवार, पुन्हा गोदामं. एके ठिकाणी काळ्या दगडांची पडकी भिंत लागली. प्रीतम थांबून म्हणाला, "ही भिंत जुनी आहे." मग म्हणाला, "पुढे खड्डा आहे, जपून." इतिहास संपला. सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. निशिगंधाने तर भिंतीचा फोटो काढला. निरंजनच्या वीरगळांचा तिने आजवर एकही काढला नव्हता.

पण खरं झोंबलं ते पिणं. नवऱ्याबरोबर निघताना तिला घरचा चहा नको असायचा. पाण्याचा घोटसुद्धा नको. आणि प्रीतमबरोबर निघताना तिने टपरीवर उभं राहून चहा घेतला, वाटेत बाटली रिकामी केली, आणि आता रस. नवऱ्यासोबत घशाखाली थेंब उतरत नाही, याचा अर्थ लावायला क्वालिटीचा माणूस लागत नाही. निरंजनने तो लावला, आणि नीट दिसावं म्हणून तो कंटेनरला चिकटून उभा राहिला.

"ओ दादा," रसवंतीवाल्या जाईबाईंनी हाक मारली, "कंटेनरच्या मागं न्हाई करायचं. बाया हायेत हितं."

सगळे वळले. निरंजन सायकल उचलून बाहेर आला.

"मी काही करत नव्हतो," तो म्हणाला. हे खरं होतं आणि कोणालाही पटलं नाही.

"अरे, या की राव," प्रीतम म्हणाला. "जाईबाई, एक आलं-लिंबू घालून द्या यांना."

निशिगंधाने त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं. "पाळत ठेवतोयस माझ्यावर?"

"त्याच्या रूटवर असं काय आहे?" निरंजनचा आवाज चिरकला. "सांग ना. एक भिंत आहे, तीसुद्धा अर्धी. मी तुला चार राजवटी दाखवल्या. माझ्याबरोबर कधी घोटभर चहा घेतलास?"

निशिगंधाने त्याच्याकडे नीट बघितलं. हा खरंच विचारतोय, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला.

"घेऊन जाऊ कुठे?" ती म्हणाली. "तुझ्या माळावर साधं झुडूपसुद्धा नाही."

अर्धा ग्लास त्याच्या हातात देऊन ती गोदामाच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे पत्र्याचं एक दार होतं. त्यावर ऑइलपेंटने 'महिला' असं लिहिलेलं होतं. बाहेर करिष्मा आणि मिनल नंबर लावून उभ्या होत्या.

दाराला आतून कडी होती.