इवल्या मेंदूची पसंती

लेकीच्या जन्मानंतरचा दोन वर्षांचा खंड पाहून शर्वाणीला पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी, सगळीकडून नकार आला होता. आता ही एकच प्रयोगशाळा उरली होती.

“प्रश्न माझे, पण पसंती याची,” म्हणत डॉ. तांबोळींनी पेशींपासून वाढवलेल्या इवल्या मेंदूची ऊबदार पेटी तिच्या हातात दिली. “परका हात लागला की बिथरतो मेला. कालच्या उमेदवाराला तर तोंडही उघडू दिलं नाही!”

पेटीला जोडलेल्या पडद्यावर मेंदूच्या लहरींची रेघ थयथयाट करत होती. शर्वाणी चाचरत उत्तरं देऊ लागली. हळूहळू रेघ संथ झाली.

“काय केलंस गं?”

“काहीच नाही, मॅडम.”

तांबोळीबाई हसल्या. पेटी कुशीत धरून शर्वाणी उभ्या उभ्या डोलत होती, घरी लेकीला घेऊन डोलते तशीच.

“सोमवारपासून ये. आणि हळू बोल, झोपलाय तो.”