सगळ्यात सोपी पायरी

मैत्रीभावनेच्या ध्यानवर्गात पायऱ्या ठरलेल्या होत्या. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग जिवलगाचं, मग अनोळखी माणसाचं, आणि सगळ्यात शेवटी ज्याच्यामुळे आपलं वाटोळं झालं त्याचं. शिंपीणकाकूंचा मुलगा टेम्पोखाली गेला त्याला वर्ष होत आलं होतं, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं. "शेवटच्या पायरीची घाई करू नका हं," शिकवणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. दुसऱ्याच कुणाला सांगितल्यासारखी काकूंनी मान डोलावली.

महिन्याभराने वर्ग सुटल्यावर ताईंनी हलकेच विचारलं, "काकू, त्या टेम्पोवाल्याचं भलं चिंतायला जमतंय का?"

"ते पहिल्याच दिवशी जमलं. त्याची काय चूक? आमच्याच पोराचं लक्ष रस्त्यावर नव्हतं."

"मग अडतंय कुठे?"

"पहिल्या पायरीवर."

ताई हसल्या. "अहो, ती तर सगळ्यात सोपी! 'माझं भलं होवो', एवढंच तर म्हणायचं."

काकूंनी सतरंजीची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवला.

"गाडी चालवताना पोराने फोन उचलला होता," त्या म्हणाल्या. "माझा. येताना काळी बटणं आण, एवढंच सांगायचं होतं मला."