पेडलमधली घरघर

मुलीनं गिटारचा आवाज बदलणारं इफेक्ट पेडल घरीच बनवलं होतं. सूर सुरेख उमटायचे, पण मागून एक घरघर ऐकू यायची. बॅटरीवर ती येत नसे, म्हणजे गडबड घरातल्या विजेतून येत होती. मुलीनं अ‍ॅडॉप्टर बदलला, वायरी बदलल्या, सोल्डरिंग पुन्हा केलं. दार लावून वाजवायला बसली की घरघर सुरू व्हायची. ती वैतागून ओरडायची आणि मग घरघर आपोआप थांबायची. जमलं एकदाचं, असं म्हणावं तर थोड्या वेळानं पुन्हा तेच.

आज घरघर थांबली तशी ती पाणी प्यायला बाहेर आली. शेजारच्या खोलीत आईचं ऑक्सिजनचं मशीन बंद होतं. आईचे ओठ निळसर पडले होते आणि बोट अजून बटणावरच होतं.

"आई! अगं, हे काय करतेस?"

"हे बंद केलं की तुझी घरघर थांबते," आई धापा टाकत म्हणाली. "मग जमेल तेवढा वेळ काढते मी तशीच."

मुलीनं आधी मशीन सुरू केलं. मग ते चालू ठेवूनच ती पेडल उघडून बसली. आत येणारी वीज गाळून घ्यायला तिनं कपॅसिटर जोडले आणि घरघर पार जाईपर्यंत ती जागची हलली नाही. नंतर आईच्या पलंगाशी बसून तिनं अख्खं गाणं वाजवलं.

"किती गोड वाजवतेस गं," आई म्हणाली. "आज पहिल्यांदा श्वास घेत ऐकलं."