खड्ड्यातली पोर

देवी टोचणारे गल्लीच्या तोंडाशी आले आणि एकेका घरातला हातमाग थांबत गेला. दारं लागली. गांधीबागेच्या मागची ती कोष्ट्यांची गल्ली भर सकाळी चिडीचूप झाली. साल सदुसष्ट, दिवाळी नुकतीच होऊन गेली होती.

टोचणारे केशवराव लशीची पेटी घेऊन पहिल्या दारापाशी उभे राहिले. आतून म्हातारीचा आवाज आला, "लेकरं नाही घरात. मामाच्या गावाले गेली." दुसऱ्या दारातही तेच. मागच्या वर्षीही ते या गल्लीतून असेच परत गेले होते.

समोरच्या घरातून रुख्माबाई बाहेर आली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "माह्यासंग चला. कुठं लपवतात ते मले मालूम आहे."

केशवरावांनी तिला ओळखलं. मागच्या वर्षी हिनंच दार अर्धं उघडून सांगितलं होतं, पोर घरात नाही म्हणून. तेव्हा तिची चार वर्षांची कुसुम मागाखालच्या खड्ड्यात होती. विणणारा जिथं पाय सोडून बसतो, तिथं रुख्माबाईनंच तिला गोधडीखाली दडवलं होतं. टोचलं तर देवी कोपते, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. नवरा, शालिकराम, त्या दिवशी लुगडी घेऊन बाजारात गेला होता. होळीनंतर कुसुमला फोड आले. तळपायाला, डोळ्यांत, घशात. दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले, पण पोर वाचली नाही. शालिकरामनं तेव्हापासून बायकोशी बोलणं टाकलं होतं. वाढलेलं जेवायचा आणि उठायचा.

पार्वतीबाईच्या दाराला रुख्माबाईनं खांदा लावला. कडी निघाली. आत पार्वतीबाई मागावर बसली होती, दोन्ही पाय खड्ड्यात सोडून.

"लेकरू नाही माह्या घरी."

"उठ वं, पार्वती."

"काहून उठू?"

"तिले खाली दम लागते. लई धूळ असते तिथं."

 पार्वतीबाई किंचाळली, "आपली पोर खाल्ली, आता माह्या पोरीवर डोळा आहे तुहा?"

"हो, खाल्ली मीनं," रुख्माबाई म्हणाली. "तू उठ."

तिला बाजूला सारून रुख्माबाई स्वतःच खड्ड्यात उतरली. पार्वतीबाईच्या लेकीला, प्रेमाला, उचलून वर आणलं. पोरीच्या केसांत सुताचा कचरा अडकला होता. रुख्माबाईनं तिला मांडीवर आवळून धरलं, दंड उघडा केला. सुई लागली तशी प्रेमानं रुख्माबाईच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. रुख्माबाईनं हात सोडवला नाही. केशवरावांचं होईपर्यंत चावू दिलं.

"देवी कोपली तं?" पार्वतीबाई रडत म्हणाली. "मी काय सांगू तिले?"

"माह्यं नाव सांग. माह्यापाशी आता नेण्यासारखं काही नाही."

बातमी पुढच्या घरांत आधीच पोचली. एकीनं रुख्माबाईच्या अंगावर चुलीतली राख फेकली. एकीनं तिच्या मेलेल्या पोरीचं नाव घेऊन शिव्या दिल्या. ती दार वाजवत राहिली. काही उघडली, काही तिनं ढकलली. एका घरानं शेवटपर्यंत उघडलं नाही. तिथं ती उंबऱ्यावर बसून राहिली, तेव्हा आतल्या बाईनं खिडकीतून पोराचा फक्त दंड बाहेर काढला.

दुपारी केशवराव गेले. रुख्माबाई घरी आली तेव्हा शालिकराम दारात उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. तिच्या केसांतली राख, मनगटावरचं रक्त, तेही पाहिलं.

"एवढी अक्कल तवा काहून नाही आली तुले?"

इतक्या महिन्यांनी तो पहिल्यांदा बोलला होता. आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली. तो वळला आणि भिंतीकडे तोंड करून खाली बसला. त्याचे खांदे हलत होते. तिनं हात पुढे केला, पण त्याच्या पाठीवर ठेवायचं धाडस झालं नाही.

ती परत दाराशी आली. गल्लीत घरोघरी पोरं दुखऱ्या दंडानं रडत होती. रुख्माबाई उंबऱ्यावर ऐकत बसली.