चिमूटभर हिरवं

"धाकटीच्या फुलांवर खरी फुलपाखरं बसतील. मोठीची आपली ठीक," सासूबाई शेजारणीला सांगत होत्या. मोठी म्हणजे मी. आणि पॉलिमर क्लेची कानातली करायला जावेला शिकवलं होतं मीच!

जाऊ सकाळपासून अबोलीच्या रंगामागे लागली होती. सासूबाईंच्या गजऱ्यातलं फूल समोर ठेवून केशरीत कधी गुलाबी, कधी पांढरी क्ले मळत होती, पण रंग भडकच राहत होता. कुकरची शिट्टी झाली तशी ती आत गेली. मी चिमूटभर हिरवी क्ले तिच्या गोळ्याच्या पोटात दडवली. होऊ दे चिखल!

परत येऊन तिने गोळा जोरजोरात मळला आणि एकदम थबकली. भडकपणा पार उतरला होता. तिने फूल गोळ्यावर ठेवलं, तर ते दिसेनासंच झालं.

"ताई, जमली अबोली! पण शेवटी काय घातलं, तेच आठवत नाही हो."

सासूबाईंनी तिची दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या माझ्याकडूनच मागवून.

पुन्हा तो रंग तिला कधी साधला नाही. मला साधतो. पण करून दाखवू कोणत्या तोंडाने?